पुसलेली सेकंडहँड हार्ड डिस्क परत कामाला कशी लावायची

सेकंडहँड हार्ड डिस्क घेतली, आणून जोडली, यूएसबीचा तो नेहमीचा टुंग आवाजही आला, आणि धिस पीसी उघडून बघितलं तर तेच आपले सी आणि डी, नवीन काहीच नाही. इथे बरेच जण डोक्याला हात लावतात की गेले पैसे पाण्यात. जरा थांबा. विकणाऱ्याने डिस्क खरंच पुसून दिली असेल तर ती अशीच दिसणार, म्हणजे दिसणारच नाही. कारण विंडोज तुम्हाला डिस्क दाखवतच नसतं, ते दाखवतं डिस्कवरचं पार्टिशन, म्हणजे डिस्कवर आखलेला भाग, आणि पुसताना ते पार्टिशन टेबलच उडालेलं असतं. जमीन जागेवर आहे, फक्त हद्दीचे दगड उपटून नेलेत असं समजा. दगड परत रोवायला पाच मिनिटं लागतात.

पण मला सांगायचंय ते वेगळंच आहे. फॉरमॅट करणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे आणि लोक नेमके तिथेच थांबतात, डिस्क दिसायला लागली की लगेच फोटो टाकले, व्हिडिओ टाकले, झालं काम. जुनी डिस्क दिसते म्हणजे ती चांगली आहे असं अजिबात नाही. तिला आधी एक-दोन रात्री पिळून काढायची आणि मगच तिच्यावर काही ठेवायचं, म्हणून खाली फॉरमॅटपेक्षा तपासणीवरच जास्त लिहिलंय.

आणि एक, कमांड आणि मेन्यूची नावं मी इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करा, आणि "उणे" म्हणजे ती छोटी आडवी रेघ.

जोडायच्या आधी जरा हातात घेऊन बघा

पहिलं म्हणजे कनेक्टर. साध्या साटा डिस्कला, म्हणजे घरच्या कॉम्प्युटरमधल्या नेहमीच्या डिस्कला, मागे दोन चपटे एल आकाराचे कनेक्टर असतात, एक डेटाचा एक पॉवरचा, आणि मध्ये मोकळी फट. ती फट भरलेली असेल, म्हणजे दोन्ही कनेक्टर एकसंध पट्टी असल्यासारखे दिसत असतील, तर ती सॅस डिस्क आहे, सर्व्हरमधली. ती साध्या मदरबोर्डला किंवा यूएसबी अडॅप्टरला लागतच नाही, वेगळं कंट्रोलर कार्ड लागतं. स्वस्तात मोठी डिस्क मिळाली म्हणून खूश झालेले लोक इथे फसतात, म्हणून घ्यायच्या आधीच मागच्या बाजूचा फोटो मागून घ्या. आणि त्या एल मधला प्लास्टिकचा पातळ तुकडा तुटलेला नाही ना तेही बघा, तो तुटला की केबल सैल बसते आणि मग सगळे विचित्र प्रॉब्लेम सुरू होतात.

दुसरं, साइज. अडीच इंची म्हणजे लॅपटॉपवाली डिस्क ५ व्होल्टवर चालते त्यामुळे साधारणपणे यूएसबीच्या करंटवरच फिरते. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टही लागतात, ते यूएसबीतून येत नाहीत, म्हणून तिच्या अडॅप्टरला किंवा डॉकला (डिस्क खोचायच्या डब्याला) स्वतःचा पॉवर अडॅप्टर असलाच पाहिजे. नुसत्या केबलवाल्या स्वस्त अडॅप्टरला साडेतीन इंची डिस्क जोडून "बंद आहे" म्हणणारे मी बघितलेत.

तिसरं, लेबलवरचा मॉडेल नंबर आणि बनवल्याची तारीख. यांचा फोटो काढून ठेवा, पुढे लागणार आहे. मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या डेटाशीटमध्ये बघा की डिस्क सीएमआर आहे का एसएमआर, हे डेटा लिहायचे दोन प्रकार. एसएमआर मध्ये ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, त्यामुळे एक बदलायचा तर शेजारचेही परत लिहावे लागतात. बॅकअप टाकून ठेवायला, सिनेमे ठेवायला एसएमआर चालते, पण भरलेल्या डिस्कवर सतत छोट्या छोट्या फाइल खोडून लिहायच्या असतील तर स्पीड अचानक गोगलगायीसारखा होतो. रेडमध्ये, म्हणजे अनेक डिस्क जोडून एकत्र वापरतात त्या मांडणीत, तर वापरूच नका.

डिस्क पार्सलने आली असेल आणि हाताला गार लागत असेल तर तासभर तशीच ठेवा, आत दव धरलेलं असू शकतं. आणि चालू असताना उचलायची नाही, तिरकी करायची नाही, आत हेड प्लेटपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, एक धक्का लागला की संपलं.

जोडली, आता कान लावा

पॉवर दिली की मोटर गरगरत स्पीड पकडते, मग एक-दोनदा टिक टिक होतं आणि शांत. हे नॉर्मल. ठराविक लयीत टक... टक... टक... असं चालूच राहिलं आणि मध्येच मोटर थांबून परत सुरू झाली तर हेड जागा शोधतंय आणि त्याला सापडत नाहीये. असली डिस्क परत द्या, त्याच्यावर सॉफ्टवेअरचा उपाय नसतो. फ्रीजरमध्ये ठेवा वगैरे सल्ले मिळतील, त्यांच्या नादी लागू नका.

आता डिस्क अजिबातच फिरत नसेल तर? इथे एक गंमत आहे जी माहीत नसली तर चांगली डिस्क भंगारात जाते. साटाच्या नव्या स्पेसिफिकेशनमध्ये पॉवर कनेक्टरच्या तिसऱ्या पिनला नवीन काम दिलंय, त्या पिनवर ३.३ व्होल्ट आले की डिस्क बंदच राहायचं. सर्व्हरमध्ये अडकलेली डिस्क लांबूनच बंद-चालू करता यावी म्हणून ही सोय. जुन्या पॉवर सप्लायमधून मात्र त्या पिनला कायमच ३.३ व्होल्ट येत असतात, म्हणजे डिस्क बिचारी "बंद राहा" हा आदेश कायम पाळत बसते. डेटा सेंटरमधून आलेल्या किंवा एक्स्टर्नल केस फोडून काढलेल्या मोठ्या डिस्कमध्ये हे हमखास भेटतं. उपाय, तीच डिस्क यूएसबी डॉकला लावून बघा, बहुतेक डॉक ३.३ व्होल्ट देतच नाहीत, तिथे फिरली तर निदान झालं. मग कायमचं बसवताना पॉवर कनेक्टरच्या पहिल्या तीन पिनवर कॅप्टॉन टेपची (वीज न जाऊ देणाऱ्या टेपची) बारीक पट्टी चिकटवायची. मोलेक्सवरून (पॉवर सप्लायच्या जुन्या चार पिनच्या कनेक्टरवरून) साटा पॉवर करणारा अडॅप्टर लावूनही होतं, पण त्यातले ते स्वस्त, वायरवर प्लास्टिक ओतून बनवलेले अडॅप्टर जळल्याचे प्रकार झालेत. मी तरी टेपच वापरतो.

डिस्क मॅनेजमेंट उघडा, पण काही करू नका

स्टार्ट बटणावर राइट क्लिक, डिस्क मॅनेजमेंट. उघडताच विंडोज विचारेल की डिस्क इनिशियलाइज करायचीय, एमबीआर का जीपीटी, हे पार्टिशन टेबलचे दोन प्रकार. आत्ता कॅन्सल करा. आपल्याला फक्त खालच्या भागात बघायचंय की नवीन डिस्क आली का, "नॉट इनिशियलाइज्ड" लिहिलंय का, आणि आकडा बरोबर आहे का.

आकड्यावरून घाबरू नका, १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दाखवते आणि ४ टीबीची ३७२६ जीबी. कोणी चोरलं नाही, कंपनी हजाराच्या हिशोबाने मोजते आणि विंडोज १०२४ च्या. पण ४ टीबीची डिस्क ५०० जीबी दाखवत असेल किंवा "नो मीडिया" म्हणत असेल तर गडबड आहे, साइज कमी दिसण्याबद्दल पुढे बोलू.

स्मार्ट वाचायचं, इथे खरा निकाल लागतो

प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवत असते, तिला स्मार्ट म्हणतात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो, लिनक्सवर आणि मॅकवर स्मार्टमॉनटूल्स, दोन्ही फुकट. ही नोंद डिस्कच्या स्वतःच्या राखीव जागेत असते, त्यामुळे डिस्क कितीही पुसली तरी साध्या पुसण्याने ती जात नाही. म्हणजे पुसून दिलेली डिस्कसुद्धा आपला इतिहास सांगतेच.

क्रिस्टलडिस्कइन्फो वर मोठ्या अक्षरात "गुड" दाखवतं, त्याच्यावर विसंबू नका, खालचे आकडे बघा. आणि ते रॉ, म्हणजे मूळ आकडे सुरुवातीला हेक्समध्ये (सोळाच्या मोजणीत) असतात, हेक्समध्ये १० दिसलं तर ते खरे १६ असतात, म्हणून फंक्शन मेन्यूत अॅडव्हान्स्ड फीचरमध्ये जाऊन रॉ व्हॅल्यू दशमान करून घ्या.

बघायचे ते हे. ०५ म्हणजे रिअॅलोकेटेड, किती खराब सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे छोटे तुकडे) बाजूला काढून त्यांच्या जागी राखीव सेक्टर लावलेत. क्रिस्टलडिस्कइन्फो हेक्समध्ये सी५ म्हणून दाखवतं तो १९७ नंबर, म्हणजे पेंडिंग, जे वाचता येत नाहीयेत पण अजून निकाल लागलेला नाही. सी६ म्हणजे १९८, दुरुस्त न झालेले. हे तिन्ही शून्य असावेत ही माझी अट. ०५ मध्ये चार-पाच असतील आणि ते तिथेच थांबलेले असतील तर डिस्क वर्षानुवर्षं चालू शकते, फक्त ते थांबलेत का वाढतायत हे आज एका नजरेत कळत नाही, त्यासाठीच पुढची सगळी तपासणी.

सीगेटच्या डिस्कमध्ये ०१ आणि ०७ नंबरला कोटींमधले आकडे दिसतात आणि लोक घाबरून डिस्क परत करतात. तो आकडा एररचा नसतो, त्यात एकूण किती वेळा वाचलं हेही मिसळलेलं असतं. सोडून द्या.

सी७ म्हणजे १९९, सीआरसी एरर, याची मला स्वतःला अद्दल घडलीय. एक २ टीबीची डिस्क घेतली होती, बाकी सगळे आकडे शून्य पण हा एकटा तीनशेच्या वर, आणि कॉपी करताना दर दोन मिनिटांनी सगळं अडकायचं. मी विकणाऱ्याला चार गोष्टी सुनावल्या, तोही बिचारा ऐकून घेत बसला, आणि मग सहज म्हणून केबल बदलली तर आकडा जो थांबला तो थांबलाच. सीआरसी एरर डिस्क आणि कंट्रोलर यांच्यामधल्या रस्त्यात होतो, डिस्कच्या आत नाही. हा आकडा कधीच कमी होत नाही, त्यामुळे जुना असेल तर तसाच दिसणार, फक्त तुमच्याकडे आल्यावर वाढतोय का बघा. वाढला तर आधी केबल, मग पोर्ट, मग डिस्कला शिव्या.

०९ म्हणजे पॉवर ऑन तास. वर्षाचे ८७६० तास, म्हणजे ३५,००० तासवाली डिस्क साधारण चार वर्षं अखंड चाललेली. नुसते तास जास्त म्हणून मी डिस्क नाकारत नाही, तास जास्त पण चालू-बंद कमी म्हणजे ती कुठेतरी नॅसमध्ये (नेटवर्कवरच्या स्टोरेज डब्यात) किंवा सीसीटीव्हीच्या डब्यात स्थिर बसून फिरत होती. उलट लेबलवर सहा वर्षांपूर्वीची तारीख आणि तास मात्र बारा, हे बघून मला शंका येते. स्मार्ट शून्य करून देणारी हत्यारं बाजारात आहेत. २०२५ च्या सुरुवातीला सीगेटच्या डेटा सेंटरमध्ये वापरलेल्या डिस्क स्मार्ट पुसून नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघड झालं, तेव्हा ते पकडलं गेलं फार्म नावाच्या दुसऱ्या नोंदीमुळे. सीगेटच्या डिस्क ही वेगळी नोंदही ठेवतात आणि स्मार्ट शून्य करणाऱ्यांनी तिला हात लावलेला नव्हता. स्मार्टमॉनटूल्सच्या ७.४ पासूनच्या आवृत्तीत त्यातल्या स्मार्टसीटीएल या कमांडला उणे एल फार्म दिलं की ती दिसते. दोन्हीकडचे तास जुळले तर ठीक, नाही जुळले तर डिस्क परत करा.

यूएसबीतून जोडल्यावर स्मार्ट काहीच दाखवत नसेल तर अडॅप्टरची चिप ते पुढे पाठवत नसेल. स्मार्टसीटीएल मध्ये उणे डी साट देऊन बघा, नाहीतर सरळ मदरबोर्डच्या साटाला लावा.

या सगळ्या आकड्यांचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. विसरू नका, याच्याशीच नंतर तुलना करायचीय.

पिळून काढायची

आधी लाँग टेस्ट. स्मार्टसीटीएल ला उणे टी लाँग दिलं की डिस्क स्वतःच स्वतःचा कोपरा न् कोपरा वाचून बघते, कॉम्प्युटरचं त्यात काही काम नसतं, मोठ्या डिस्कला सात-आठ तास किंवा जास्तही लागतात. मध्येच डिस्क झोपू देऊ नका, काही यूएसबी डॉक ठराविक वेळाने डिस्क झोपवतात आणि टेस्ट अर्धवट तुटते. ही टेस्ट नापास झाली तर पुढे काही करायची गरजच नाही.

पास झाली तर पूर्ण डिस्क लिहून परत वाचायची. नुसतं वाचून भागत नाही, कारण पेंडिंग सेक्टरचा फैसला लिहिताना लागतो, लिहिलं गेलं तर तो सेक्टर सुटला, नाही तर डिस्क त्याला बाद करून ०५ चा आकडा वाढवते. लिनक्सवर बॅडब्लॉक्स या कमांडला उणे डब्ल्यूएसव्ही, ते चार वेगवेगळे पॅटर्न लिहितं आणि प्रत्येक परत वाचतं, म्हणजे पूर्ण डिस्कच्या आठ फेऱ्या. मोठ्या डिस्कला उणे बी ४०९६ पण द्या. ४ टीबीला सरासरी सेकंदाला १५० एमबी धरले तरी एका फेरीला साडेसात तासांच्या आसपास, आठ फेऱ्या म्हणजे अडीच दिवस. मला एवढा दम निघत नाही, मी एकच पॅटर्न देतो, एकदा लिहिणं एकदा वाचणं, तेवढं पुरतं. आणि हो, ही टेस्ट डिस्कवरचं सगळं उडवते, डिस्कचं नाव टाइप करताना तीनदा बघा.

विंडोजवर सोपं आहे, पुढे सांगतो तसं पार्टिशन करायचं, पण क्विक फॉरमॅटची टिक काढायची. व्हिस्टापासून विंडोजचा पूर्ण फॉरमॅट खरोखर सगळीकडे शून्य लिहितो. मग एच२टेस्टडब्ल्यू नावाचं छोटं सॉफ्टवेअर चालवा, ते डिस्क फाइलींनी गच्च भरतं आणि प्रत्येक फाइल वाचून जुळवतं. त्याने एक बोनसही मिळतो, काही खोट्या एक्स्टर्नल डिस्क असतात, आत छोटी मेमरी चिप बसवून १६ टीबी दाखवणाऱ्या, त्या इथे उघड्या पडतात.

या काळात तापमानावर नजर ठेवा. साडेतीन इंची डिस्कची कंपनीने दिलेली कमाल मर्यादा बहुतेक वेळा ६० अंश सेल्सियस असते, मी ४५ च्या वर गेली की समोर छोटा पंखा लावतो. उघडी डिस्क गादीवर किंवा सोफ्यावर ठेवून रात्रभर टेस्ट लावू नका, खालून हवाच मिळत नाही.

सगळं झालं की स्मार्ट परत काढा आणि त्या स्क्रीनशॉटशेजारी ठेवून बघा. ०५, १९७, १९८ जिथे होते तिथेच, म्हणजे शून्यावर, तर डिस्क घ्यायच्या लायकीची. एकाच रात्रीत ०५ शून्यावरून चाळीस झाला तर ती डिस्क खाली चाललीय, किती दिवसांत पोचेल एवढाच प्रश्न.

पूर्ण लिहिण्याचा आणखी एक फायदा आहे. "पुसून दिलीय" म्हणणारे बरेचदा क्विक फॉरमॅट करून देतात, त्यात आधीच्या माणसाचे फोटो, कागदपत्रं सगळं आत तसंच पडून असतं, फक्त नाव काढलेलं. तुमची एक शून्याची फेरी झाली की ते खरंच गेलं. एकच फेरी पुरे, आत्ताच्या डिस्कला ३५ वेळा वगैरे पुसायची काही गरज नाही.

हद्दीचे दगड रोवणे

आता ते पाच मिनिटांचं काम. डिस्क मॅनेजमेंट, खाली डावीकडे डिस्कच्या नावाच्या करड्या चौकटीवर राइट क्लिक, इनिशियलाइज. डिस्क "ऑफलाइन" दाखवत असेल तर तिथेच आधी ऑनलाइन करा. जीपीटी निवडा. एमबीआर २ टीबीच्या पुढची जागा बघूच शकत नाही, ४ टीबीची डिस्क एमबीआर केली की जवळपास अर्धी डिस्क वापरताच येत नाही आणि लोक परत खराब खराब ओरडतात. शिवाय जीपीटीची एक कॉपी डिस्कच्या शेवटीही असते, पुढचा भाग बिघडला तर कामाला येते. एमबीआर फक्त एखाद्या जुन्या टीव्हीला किंवा जुन्या मशीनला लागत असेल तरच.

मग उजवीकडच्या काळ्या पट्टीवाल्या जागेवर राइट क्लिक, न्यू सिंपल व्हॉल्यूम, नेक्स्ट नेक्स्ट, अक्षर निवडा, फाइल सिस्टीम निवडा. फक्त विंडोजवर वापरणार तर एनटीएफएस. विंडोज आणि मॅक दोन्हीकडे फिरवणार तर एक्सफॅट, कारण मॅक एनटीएफएस वाचतो पण त्याच्यावर लिहीत नाही. पण एक्सफॅटमध्ये जर्नल, म्हणजे चालू बदलांची नोंदवही नसते, कॉपी चालू असताना केबल उपटली तर फाइल सिस्टीम बिघडण्याची शक्यता जास्त, तेव्हा सेफली रिमूव्ह करायची सवय लावून घ्या. फॅट३२ चा विचार सोडा, ४ जीबीच्या वरची फाइलच बसत नाही. आणि एक्सप्लोररमध्ये दिसल्यावर "फॉरमॅट करायचंय का" म्हणून खिडकी आली तर ती तुमच्याच डिस्कची आहे ना ते बघून मगच हो म्हणा.

कधीकधी डिस्क मॅनेजमेंटचं काही चालत नाही. नॅसमधून आलेल्या डिस्कवर दोन-तीन छोटी पार्टिशन उरलेली असतात, किंवा ईएफआय पार्टिशन असतं, आणि राइट क्लिक केलं तर डिलीट करडं झालेलं. मग डिस्कपार्ट, विंडोजचंच कमांडवालं साधन. अॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, डिस्कपार्ट, लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क आणि नंबर, आणि मग थेट क्लीन करायचं नाही. आधी डिटेल डिस्क टाइप करा, ते निवडलेल्या डिस्कचं मॉडेल नाव दाखवतं, ते लेबलच्या फोटोशी जुळवा. मी एकदा हे न करता एकसारख्या साइजच्या दोन डिस्कमधली चुकीची निवडली आणि क्लीन दाबलं. ते विचारत नाही, खात्री आहे का वगैरे काही नाही, सेकंदात "झालं" म्हणतं. पोटात गोळा आला. नशिबाने क्लीन फक्त पार्टिशनची माहिती उडवतं, आतल्या फाइलींना हात लावत नाही, त्यामुळे टेस्टडिस्क नावाच्या सॉफ्टवेअरने जुनं पार्टिशन शोधून परत बसवता आलं. क्लीन ऑल दाबलं असतं तर सगळ्यावर शून्य फिरलं असतं आणि मग काहीच करता आलं नसतं. तेव्हापासून हे काम करताना बाकीच्या सगळ्या एक्स्टर्नल डिस्क मी काढूनच ठेवतो. क्लीन झालं की कन्व्हर्ट जीपीटी, एक्झिट, बाकी डिस्क मॅनेजमेंटमध्ये.

मॅकवर डिस्क युटिलिटीत लोक एकाच ठिकाणी अडकतात, डावीकडे फक्त व्हॉल्यूम दिसतात आणि कोऱ्या डिस्कला व्हॉल्यूम नसतो. व्ह्यू मेन्यूत शो ऑल डिव्हायसेस करा, सगळ्यात वरचं डिस्कचं नाव निवडा, इरेज, स्कीम जीयूआयडी पार्टिशन मॅप.

लिनक्सवाल्यांना मी काय शिकवणार, फक्त दोन गोष्टी. जुन्या रेड किंवा झेडएफएस च्या खुणा वाइपएफएस उणे ए ने आधी साफ करा नाहीतर सिस्टीम त्या ओळखून मध्ये मध्ये येते. आणि ईएक्सटी४ करताना उणे एम ० द्या, नाहीतर ५ टक्के जागा रूटसाठी राखीव जाते, ४ टीबीवर ते २०० जीबी झाले, नुसत्या साठवणुकीच्या डिस्कवर त्याचा उपयोग शून्य. एफएसटॅबमध्ये टाकणार असाल तर नोफेल लिहा, नाहीतर डिस्क काढलेली असताना मशीन बूट होताना अडून बसेल.

हट्टी डिस्क

स्मार्ट व्यवस्थित दिसतंय पण लिहायला गेलं की प्रत्येक वेळी आय/ओ एरर, अशी डिस्क पासवर्डने लॉक असू शकते. लॅपटॉपमधून आलेल्या डिस्कमध्ये हे होतं, पासवर्ड डिस्कच्या फर्मवेअरमध्ये असतो आणि फॉरमॅटने जात नाही. लिनक्सवर एचडीपार्म उणे आय (कॅपिटल आय) मध्ये सिक्युरिटी खाली "लॉक्ड" दिसतं. पासवर्ड विकणाऱ्याकडून मिळाला तर ठीक.

साइज कमी दिसत असेल तर एचपीए, म्हणजे डिस्कचा शेवटचा भाग लपवून ठेवलेला असतो, एचडीपार्म उणे एन (कॅपिटल एन) ने दोन आकडे दिसतात, सध्याचे सेक्टर आणि मूळ सेक्टर. मूळ जास्त असतील तर तिथूनच पूर्ववत करता येतं.

कंट्रोलर कार्ड घेऊन सॅस डिस्क लावलीच असेल आणि ती शून्य जीबी दाखवत असेल तर सेक्टर ५१२ ऐवजी ५२० बाइटचे असण्याची दाट शक्यता, मोठ्या स्टोरेज सिस्टीममध्ये तसे वापरतात. लिनक्समध्ये एसजी फॉरमॅटने ५१२ करून घ्यावे लागतात, त्यात बरेच तास जातात आणि मध्ये लाइट गेली तर परत पहिल्यापासून.

"रीड ओन्ली" म्हणत असेल तर डिस्कपार्टमध्ये अॅट्रिब्यूट्स डिस्क क्लिअर रीडओन्ली. आणि इनिशियलाइज करतानाच सायक्लिक रिडंडन्सी चेक असा एरर आला तर आधी केबल आणि पोर्ट बदला, तरीही आला तर डिस्कची सुरुवातच वाचता येत नाहीये, सोडून द्या.

आता ठेवायचं काय

इतकं सगळं पास झाल्यावरही मी जुन्या डिस्कवर एकुलती एक प्रत कशाचीच ठेवत नाही. दुसरी प्रत, तिसरी प्रत, परत डाउनलोड करता येईल असलं सामान, त्याला ती उत्तम. मोठं काही कॉपी केल्यावर पाच-दहा फाइल उघडून बघण्यापेक्षा चेकसमने (फाइलवरून काढलेल्या खूण-आकड्याने) जुळवून घ्या, टेराकॉपीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये कॉपीनंतर जुळवायची सोय असते.

शेवटी डिस्कवर एक कागदी स्टिकर लावायचं, पण पत्र्यावरच्या त्या बारीक छिद्रावर नाही, तिथे "झाकू नका" असं लिहिलेलंच असतं. स्टिकरवर आजची तारीख, पॉवर ऑन तास आणि ०५, १९७, १९८ चे आकडे. महिन्याने परत स्मार्ट बघा. आकडे तेच असतील तर खाली नवीन तारीख टाका आणि मग तीन-चार महिन्यांनी बघितलं तरी चालेल. वाढलेले असतील तर त्याच दिवशी आतलं सगळं दुसरीकडे हलवा.